धारच्या विहीणबाईंकडची इंग्रजी फजिती

मेघनाच्या सासरी जुन्या इंग्रजी व्यंगचित्रांचा गठ्ठा आहे हे कळलं आणि मी पुण्याहून इंदूरचं तिकीट काढलं. मेघना माझी मावसबहीण. माहेर देवास, सासर धार. मावशीलाही सोबत न्यायचं असं मी ठरवलं होतं. तीन वर्षांत ती एकदाही लेकीच्या सासरी गेली नव्हती.

कारण तसं साधं, पण तिच्या लेखी भयंकर. लग्नात माईक हातात घेऊन तिने "आमचे जावई निखिलराव" अशी ओळख करून दिली. जावयाचं नाव हर्षद. निखिल हे आधी मोडलेलं स्थळ! अख्खा मांडव हसला होता.

इंदूरहून देवासला बस तासाभरात पोचते. सकाळी काकांनी गरम पोहे-जिलबी आणली. मावशी म्हणाली, "तू जाऊन ये. मला माताजीच्या टेकडीवर जायचंय."

"टेकडी कुठे पळून जातेय? मला त्या घरात एकटीला अवघडल्यासारखं होईल गं."

हे साफ खोटं होतं. पण ती साडी बदलायला उठली.

धारला जायला इंदूरमध्ये बस बदलावी लागते. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना हिरवा गहू. मावशी वाटभर पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. धारला रिक्षावाल्याने "बैठो मौसीजी" म्हणत तिची पिशवी घेतली, तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली, "परतीची बस कधी आहे, विचार ना."

विहीणबाई दारातच उभ्या होत्या, मागे मेघना. आधी वरणासोबत तुपात निथळणारे बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, मग चित्रं. विहीणबाईंचे सासरे ड्रॉईंग मास्तर. त्यांनी ती भंगारवाल्याकडून घेतलेली. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, म्हातारा राजा आजारी आणि युवराज कारभार बघतोय असा काळ. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, हाताने रंगवलेली. एका साहेबाची विजार वाकून मुजरा करताना उसवलीय. एकाचा केसांचा टोप झुंबरात अडकलाय. एका यजमानीणबाईच्या हातून चहाची किटली थेट पाहुण्याच्या मांडीवर! भोवती सगळे खिदळताहेत.

किटलीच्या चित्राशी मावशी थांबली. "बिचारी. हिला कुठे तोंड लपवू असं झालं असेल."

विहीणबाईंनी चष्मा काढला. "त्या दिवशी सर्वांत आधी हसले ती मीच. तुमचा चेहरा पाहिला अन् हसू विरलं, पण तोवर मांडव हसत सुटलेला. वाटलं, तुम्ही आलात म्हणजे क्षमा मागेन. तुम्ही आलाच नाहीत."

"मला वाटलं, तुम्ही रागावलात."

"इश्श! नवी नवरी असताना मी पदराआडून मामंजींनाच आचारी समजले, अन् मठ्ठा मागितला! स्वतःच्या सासऱ्यांकडे!"

मावशी खळखळून हसली, मग किती तरी वेळ पदराने डोळे पुसत राहिली.

संध्याकाळी जावई कामावरून आले, पाया पडले. मावशी जपून म्हणाली, "सुखी राहा, हर्षदराव."

"नुसतं हर्षद म्हणा ना, आई. तुमच्यामुळे तर सगळ्या धारला माझं नाव पाठ झालं!"

मी दुसऱ्या दिवशी एकटीच निघाले. मावशी चार दिवस राहिली. मांडूचा किल्लाही पाहून आली. धारहून मांडू गाडीने तासाभरावर आहे, तुम्हीही चुकवू नका.

पुण्यात येऊन चित्रांचे काढून आणलेले फोटो मोठे करून पाहिले. रेषेत दम आहे, हसूही येतं. पण किटलीवाल्या बाईकडे दुसऱ्या दिवशी कुणी गेलं का, हे चित्रकाराने दाखवलेलं नाही. मावशीचा तो दुसरा दिवस मी पाहिला. तीन वर्षं उशिरा आला, पण आला.