पदराखालचं गळू
दिव्याच्या काजळीचा वास आला, की लढाईच्या दिवसांतला राजूरचा बाजार आठवतो. मैत्रीण नि मी मनगटावर काजळीनं तुळस गोंदवून घ्यायला बसलो होतो. "कुनाला फोड हाय का गं?" गोंदणारीनं विचारलं. फोडाचा सुईशी काय संबंध, याचं नवल वाटलं; पण ती परत धाडील म्हणून कोपराजवळचं पिकलेलं गळू पदरानं झाकून मी "न्हाई" म्हणाले. माझा हात पुसलेलं फडकं आणि तीच सुई मग मैत्रिणीला लागली. आठवड्यात तिचं मनगट पिकलं. "त्या बाईचा हातच वाईट," लोक म्हणाले. गोंदणारी पुन्हा बाजारात बसली नाही; माझ्या गळवाचं मी कुणाला सांगितलं नाही. परवा लेकीनं कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली गळवातले जंतू दाखवले, द्राक्षांच्या घडासारखे. माझा डोळा भिंगावरून हलेना. मनगट पिकलं तिथं मैत्रिणीच्या तुळशीला आजही एक पान कमी आहे. हे लिहिलेलं मी तिला वाचून दाखवणार आहे.