बेनचं पामेरियन

सुरतेत प्लेग आला त्या वर्षी आम्ही कतारगामला एका खोलीत राहत होतो. गणपती बुडाले आणि थोड्याच दिवसांत निम्मी गल्ली गावाकडे पळाली. आम्ही राहिलो, कारण मला आठवा महिना लागला होता. तसल्या गर्दीत धुळ्यापर्यंत रेटारेटी करत जाण्यापेक्षा दार लावून बसू, असं मीच ठणकावून म्हटलं होतं. बोलायला काय जातं? आतून भीती होती, ती सगळी माझ्या चार वर्षांच्या मुलीसाठी.

वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण बेन भावनगरकडे निघाल्या. रिक्षात बसता बसता त्यांनी काखेतलं पांढरं पामेरियन कुत्रं माझ्या दारात ठेवलं. "बे दिवस राखजो," म्हणाल्या आणि गेल्यासुद्धा. घरमालकिणीला नाही कोण म्हणणार?

आमच्या खानदेशात पहिली भाकर कुत्र्याची, पण ती उंबऱ्याबाहेर. या प्राण्याला उंबरा हा प्रकारच ठाऊक नव्हता. बाहेर बांधलं की रडायचं, आत घेतलं की सरळ मांडी शोधायचं. भाकरीचा वास घेऊन तोंड फिरवायचं आणि कुकरच्या शिट्टीवर भुंकायचं. राखण करायचं म्हणावं, तर मांजर दिसलं की माझ्या मुलीच्या मागे लपायचं. ती मात्र त्याच्यावर लट्टू झाली. दुपारी दोघं एकाच गोधडीवर झोपायची आणि मी दोघांकडे बघत जागी.

कारण रेडिओवर पिसवांचं सांगत होते. उंदीर मेला की पिसवा दुसरं अंग शोधतात म्हणे. आणि या कुत्र्याच्या अंगावर केस किती, तर बोट घातलं तरी कातडी लागेना. त्यात काय काय बसलं असेल या विचाराने मला जेवण जाईना.

एके दुपारी ते मान ताठ करून, कोपरं बाहेर काढून, नाकाने आत आत श्वास ओढायला लागलं. घशात हाड अडकल्यासारखा घर्रघर्र आवाज. थोड्या वेळाने आपोआप थांबलं आणि शेपूट हलवत बसलं. मी मात्र मुलीला ओढून जवळ घेतलं. प्लेगात माणसं श्वासानेच जातात, हे तेव्हा पोराबाळांनाही पाठ होतं.

आमच्या घरी साड्यांचे लटकते धागे कापायचं काम यायचं. त्या दिवसांत बाजार बंद, कटर नुसता पडून होता. संध्याकाळी नवऱ्याने कुत्र्याला धरलं आणि मी त्याच कटरने त्याचे केस मुळापासून कापत सुटले. हात सरावाचा होता. पिसू एकही निघाली नाही. जे निघालं ते पाहून आम्ही दोघं मागे सरकलो. गुलाबी, किडकिडीत, काड्यांसारख्या पायांचं. त्या दिवसांत ज्या प्राण्याचं नाव घ्यायलाही सगळे घाबरत होते, थेट तोच घरात उभा आहे असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मुलीला ताप भरला.

नवऱ्याने तोंडाला रुमाल बांधला आणि पिशवी उचलली. "याले तापीवर सोडी येसू," म्हणाला. मी अडवलं नाही. तापात पडलेली पोर तेवढ्यातही उठून बसली. "माय, त्याले थंडी वाजी ऱ्हायनी," म्हणाली आणि आपली गोधडी त्याच्यावर ओढली. नवरा पिशवी टाकून मुलीला घेऊन डॉक्टरकडे धावला. मी त्या कुत्र्याबरोबर खोलीत एकटी. ते थरथरत होतं. माझं लेकरू वाचलं तर तुलाही ठेवीन, असं मी त्याला बोलून गेले. देवाला बोलायचं ते कुत्र्याला बोलले.

डॉक्टरांनी मलेरिया सांगितला. मलेरिया ऐकून पेढे वाटावेसे वाटणारी बाई मीच असेन.

मुलीचा ताप उतरला, गल्ली पुन्हा भरली, बेनही परतल्या. त्यांची चाहूल लागताच कुत्रं जिन्याकडे धावलं आणि आनंदाच्या भरात त्याला तीच घर्रघर्र लागली. मी घाबरून बेनना सांगितलं. आवाजाचं त्यांना काहीच वाटलं नाही. हे तर पिल्लू असल्यापासूनचं, नाकावर जरा हात धरला की थांबतं, असं त्या सहज म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष त्याच्या उघड्या अंगाकडे गेलं. तिथून माझ्या मुलीच्या उतरलेल्या तोंडाकडे.

"घरमां कोई मांदुं हतुं?" त्यांनी विचारलं.

मुलगी आजारी होती, पण मलेरियाने, असं मी म्हणाले. बेननी पदर नाकाला लावला आणि एक पायरी वर चढल्या. कुत्रं मागोमाग चढलं, तशा त्या आणखी वर गेल्या. "हवे तमे ज राखो एने," आता तुम्हीच ठेवा, असं त्या वरूनच बोलल्या आणि दार लागलं.

कुत्रं बंद दाराकडे बघत पायरीवर उभं राहिलं. त्याला पुन्हा घर्रघर्र लागली. मी जड पोटाने जिना चढले, त्याच्या शेजारी बसले आणि त्याच्या नाकावर हात धरला.