नुसतं मागून म्हणा

वर्ध्याच्या एका संशोधन प्रयोगशाळेत मी उन्हाळी इंटर्नशिप केली. मशीनला माणसांचं बोलणं कळावं म्हणून गावोगाव आवाज गोळा करायचे, हे माझं काम. मी वहीतलं वाक्य वाचायचं, समोरच्यानं तेच पुन्हा म्हणायचं. एवढ्या सोप्या कामाचा विचका केला आंजीच्या बाजारात वांगी विकणाऱ्या एका बाईनं.

मी मोबाईल पुढे धरला. "माझ्या मागून म्हणा, मावशी. आज हवामान कसे आहे?"

तिनं वांग्यांवर पाणी शिंपडलं. "ऊन तपून राह्यलं."

"उत्तर नको हो, नुसतं मागून म्हणा. तुमच्या गावाचे नाव काय?"

"आंजी. आंजीतच त बसली तू."

दरवेळी ती माझ्या हातातून मोबाईल घेऊन कानाला लावायची, जणू कोणाचा फोनच आलाय, आणि रेकॉर्डिंगमध्ये तिच्या बांगड्याच जास्त वाजायच्या. वीसपैकी एकोणीस वाक्यांपुढे मी 'रद्द' लिहिलं. माझं डोकं उन्हापेक्षा जास्त तापलं होतं.

शेवटचं वाक्य होतं, "तुम्ही जेवलात का?"

"नाई," ती म्हणाली. "तू जेवली का?"

मी वही आपटली. "मावशी, मी तुम्हाला काहीही विचारत नाहीये."

ती मोबाईल पदरानं पुसून परत देत म्हणाली, "सकाळपासून इचारूनच त राह्यली. मंग ऐकत काऊन नाई?"

आमचं मशीन पुढे बऱ्यापैकी ऐकायला शिकलं म्हणे. तिचं नाव मला माहीत नाही. ते विचारायचं वाक्य माझ्या यादीत नव्हतं.