खोडरबर सर

आमच्या ड्रॉइंगच्या सरांकडे टाइप केलेला बायोडाटा चालत नसे. पेन्सिलीनेच लिहून न्यायचा. कारण सरांच्या डाव्या हातात खोडरबर असे आणि कागद संपेपर्यंत तो खाली ठेवला जात नसे. कल्याणच्या कॉलेजपासून डोंबिवलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांपर्यंत सगळे त्यांना 'खोडरबर सर' म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होतं, पण रागवायचासुद्धा त्यांना कंटाळा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. परदेशातले कारखाने सुट्टीत विद्यार्थ्यांना शिकायला घेतात, ही बातमी आमच्याकडे नुकतीच पोचली होती. बायोडाटा हा शब्द मात्र आम्हाला लग्नापुरताच माहीत. पहिल्या खेपेला उंची, वर्ण आणि मामांचं गाव लिहून नेणारे महाभागही होते. सर दमल्या आवाजात म्हणत, "अरे, ते मुलगी देत नाहीयेत तुला."

प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ते एकच विचारत, "म्हणजे काय केलंस?" उत्तर आलं नाही की रबर फिरलंच. एकाने छंद म्हणून 'प्रवास' लिहिलं होतं. "कुठे गेलास?" तर पठ्ठ्या म्हणतो, "टिटवाळ्याला. गणपतीला." प्रवास गेला! पण हाच मुलगा मंडळाची वर्गणी मागत दारोदार हिंडलाय हे कळल्यावर सर सावरून बसले. लोक दारातून कसे कटवतात, मग तू काय बोलायचास, सगळं खोदून खोदून विचारलं आणि तेच लिहायला लावलं. निम्मी मुलं दुसऱ्यांदा फिरकत नसत. आता भाच्यांचे, शेजारपाजारच्या मुलांचे बायोडाटे माझ्याकडे येतात. सगळेच मेहनती, सगळ्यांकडेच नेतृत्वगुण. वाचून शीण येतो हो.

मला जर्मनीतल्या एका रंगाच्या कारखान्यात जायचं होतं. जायचंच होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा माझं एक वर्ष घरी गेलं. बरोबरच्या मुली पुढे गेल्या. ही संधी हुकली तर आपण कायमच्या मागे राहू, या विचाराने जेवण जात नसे. ते वर्ष मी कागदावर सफाईने गाळलं होतं. सरांना ते दिसलंच.

"या वर्षी काय केलंस?"

"काही नाही सर. आई आजारी होती, घरी होते."

"सकाळपासून रात्रीपर्यंत काही नाही?"

मग मी बोलत सुटले. पाणी भरणं, डबे, आईचं औषध, धाकट्या भावाचा अभ्यास. बोलता बोलता रडूच कोसळलं. सरांनी रडू दिलं. मग माझ्या हातातली पेन्सिल घेऊन स्वतः इंग्रजीत ओळ लिहिली. आईच्या आजारपणात एक वर्ष एकटीने घर सांभाळलं, अशा अर्थाची.

घरी आईला ती मराठीत सांगितली आणि तिचा चेहरा उतरला. "माझं दुखणं जर्मनीच्या वेशीवर टांगलंस? काही लाज? काढून टाक ते. नाहीतर जाऊ नकोस." आईचं 'जाऊ नकोस' म्हणजे जाऊ नकोस. बाबाही मध्ये पडेनात. मी तशीच सरांकडे जाऊन सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सर गुडघे दाबत आमचे तीन मजले चढून आले. दारातच धापा टाकत म्हणाले, "वहिनी, खोडायलाच आलोय."

आईने पाणी दिलं आणि एकदम उसळली. "आणि एकटीने म्हणे! अहो सर, ही डाळ करपवायची. गॅस बारीक कर, दूधवाल्याचा खाडा मांड, आज रेशनला जा, हे सगळं मी पडल्या पडल्या सांगत होते. घर मी चालवत होते. ही नुसती उठून करत होती."

मी हिरमुसले. सर मात्र कधी नव्हे ते हसले. "बरोबर आहे तुमचं. मग काय लिहू?"

आई पदराशी चाळा करत राहिली. शेवटी म्हणाली, "लिहा, वर्षभर आईच्या हाताखाली शिकली."

"आणि आजाराचं?"

"असू दे. आईने अंथरुणातून शिकवलं, म्हणावं."

मी जर्मनीला जाऊन आले. काम शिकले, काचेच्या नळ्या धुतल्या, थंडीने गारठले. त्या ओळीबद्दल तिथे कुणी चकार शब्द काढला नाही. परतल्यावर आईचा पहिला प्रश्न, "काय गं, माझ्याबद्दल विचारलं का त्यांनी?" मी आंघोळीचं निमित्त काढून सटकले. पण रविवारी सर आले आणि तिने त्यांच्यासमोर पुन्हा तोच विषय काढला. मी सरांकडे पाहिलं.

सर शांतपणे म्हणाले, "विचारलं ना. हिला घेण्याआधी माझ्याकडे चौकशी केली त्यांनी. शिकवणाऱ्या या बाई कोण, म्हणाले."

आई चहा ठेवायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

सरांना जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा मी हळूच विचारलं, "सर, खरंच?" त्यांनी कठडा धरला. "दमलो गं मी आता," एवढंच म्हणाले आणि एकेक पायरी उतरत गेले.

सर त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. आई पुष्कळ जगली. आल्यागेल्याला सांगायची, "जर्मनीहून माझी चौकशी आली होती." मी शेजारी बसून मान डोलवायचे.