बस्त्यावचा बास

हे लिहायचं मी सात वर्षं टाळलं. आधी लग्नांचा हंगाम होता, मग मोतीबिंदू, मग हात थरथरतो म्हणून. सगळी कारणं खोटी होती. गेल्या महिन्यात आगाशीच्या एका लग्नात मी पाहुणा म्हणून खुर्चीवर बसलो होतो आणि माईकवरच्या पोराने बस्त्यावचा किस्सा सांगितला. "आपल्या वसईत एक बासवाला होता, तो एवढा टाइट झाला की त्याची मशीनपण झिंगली." मांडव हसला. त्या पोराने बस्त्यावला पाहिलेलंसुद्धा नाही. किस्सा त्याला कुणीतरी सांगितला, त्याला आणखी कुणीतरी. मागे मागे जात राहिलात तर शेवटी मी भेटेन. त्या पोराच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं, पण तो हात चुकीच्या गालावर पडला असता.

बस्त्याव वाजवायच्या आधी चपला काढायचा. रस्ता असो, शेणाने सारवलेलं अंगण असो की मांडवातला हिरवा गालिचा. बँडपार्टीतली पोरं चिडवायची, "अंकल, देऊळ नाही हे." तो म्हणायचा, "कानाने गाणं ऐका. बास तळपायाने ऐकायचा." आमची बँडपार्टी सहा जणांची. मी ट्रम्पेट वाजवायचो आणि पार्टी चालवायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. बस्त्याव खांद्यावरून मोठा पितळी भोंगा घालून तीस वर्षं बास, म्हणजे गाण्याखालचा खर्ज, फुंकत आला. उरलेल्या वेळात केळीची वाडी. चर्चच्या सणाची फेस्त असो नाहीतर आमच्याकडची हळद, बस्त्याव शेवटच्या रांगेत उभा असायचा आणि त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. त्याला ते आवडायचं. "पायाला कोण बघतो? घर उभं आहे ना, झालं."

पूर्वी तो प्यायचा. थोडी नाही, पडेपर्यंत. त्याच्या बायकोने, आग्नेस वहिनींनी, एकदा सामान बांधलं आणि सांगितलं, शेवटची संधी देते, पुन्हा एक घोट घेतलास तर मी परत येणार नाही. त्याने सोडली. नऊ वर्षं सुटलेली होती. लग्नात नवरानवरीसाठी ग्लास उंचवायची वेळ आली की तो सोड्याचा ग्लास उंचवायचा, आणि कुणी आग्रह केला तर म्हणायचा, "मी बाटलीशी भांडलो नाही रे. बोलणं बंद केलंय फक्त."

मग त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने फुंकणं बंद केलं. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. हा म्हणाला, "मास्तर, बोटं आहेत अजून." म्हणून आम्ही दोघे बाससाठी सिंथेसायझर घ्यायला दादरच्या एका दुकानात गेलो. मला हवा होता तो मोठा कीबोर्ड, पाचशे आवाजांचा. स्टेजवर भारदस्त दिसला असता. बस्त्यावने त्याची सगळ्यात खालची पट्टी दाबली, चपला काढून फरशीवर उभा राहिला आणि मान हलवली. "इस्त्री केलेला आवाज आहे." दुसऱ्यावर म्हणाला, "हा वरवर बोलतो, खाली पोचत नाही." तिसरं यंत्र लहान होतं, नुसती बटणं आणि अडीच सप्तकं. दुकानातला मुलगा आम्हाला परावृत्तच करत होता. "अंकल, हे ॲनालॉग आहे. एका वेळी एकच सूर वाजतो. दोन पट्ट्या दाबल्या तरी एकच."

"मग बरोबर आहे. माझ्या भोंग्यातून तरी कुठे दोन निघायचे? बास एका वेळी एकच शब्द बोलतो."

"ह्याच्यात आवाज सेव्ह होत नाही."

"मी लक्षात ठेवतो."

त्याने खालचा सूर धरला आणि एक बटण हळूहळू फिरवत राहिला. आवाज जाड झाला, मग ओलसर, मग विहिरीच्या तळातून यावा तसा. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "ह्याच्यात गाळ आहे थोडा," बस्त्याव म्हणाला. "बासाला गाळ लागतो."

मुलाने शेवटचं सांगितलं ते नीट सांगितलं, आणि मी ते नीट ऐकलं. हे यंत्र थंड असताना सूर धरत नाही. वाजवायच्या आधी अर्धा तास चालू ठेवायचं, मध्ये बंद करायचं नाही, नाहीतर तापेपर्यंत सूर सरकत राहतो. मी कुरकुरलो की लग्नात एवढा वेळ कोण देणार. बस्त्याव म्हणाला, "भात वाफेवर ठेवतोस ना? तसंच हे."

घरी जाऊन त्याने वहिनींची नेलपॉलिशची बाटली घेतली आणि प्रत्येक बटणाशी, ते कुठवर फिरवायचं त्याच्या खुणेचे, लाल ठिपके काढले. एक ठिपका वरातीसाठी, दोन ठिपके वॉल्ट्झच्या नाचासाठी. वहिनी सांगत फिरायच्या, "मी चाळीस वर्षांत एवढी लावली नाही, एवढी त्या पेटीला लागली." दोन वर्षं त्या पेटीने आमची पार्टी उचलून धरली. लोक आम्हाला बोलावत ते त्या बाससाठी. मला वाटायचं, माझ्या ट्रम्पेटसाठी.

आता भुईगावचं लग्न. जानेवारी, मैदानात मांडव, समुद्राकडून गार वारा. बस्त्यावने नेहमीप्रमाणे लवकर येऊन यंत्र चालू केलं आणि तो ओळखीच्यांना भेटायला गेला. मी त्याच आठवड्यात पार्टीच्या नावाची एलईडी पाटी बनवून घेतली होती. लाल-निळी, नाव धावायचं तिच्यात. वीज देणाऱ्या बोर्डवर जागा उरली नव्हती. मी यंत्राची पिन काढली आणि तिथे पाटी लावली. पाटीसमोर उभं राहून फोटो काढून घेतले. नवरानवरी फाटकाशी आली तेव्हा मला पिन आठवली. मी कुणाचा तरी चार्जर उपटला आणि यंत्र तिथे लावलं. त्याचा दिवा लागला. बस्त्याव आला, दिवा पाहिला, चपला काढल्या.

पहिल्याच गाण्यात सूर सरकायला लागला. तो एका हाताने वाजवत दुसऱ्या हाताने सूर ओढून आणत होता, आणला की तो पुन्हा सरकत होता. वाकलेला, घामेजलेला, बटणांशी झटापट करणारा. नवऱ्याचा मामा समोरून ओरडला, "मास्तर, बास कुठे चालला तुमचा?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मी माईक उचलला आणि हसत म्हणालो, "सांभाळून घ्या मंडळी, आज आमच्या बस्त्यावने आनंदाच्या भरात जरा जास्त घेतलीय."

पाचशे माणसं हसली. त्यांच्यातल्या निम्म्यांना त्याची नऊ वर्षं माहीत होती. तीही हसली.

बस्त्यावने तो कार्यक्रम पूर्ण वाजवला. तिसऱ्या गाण्यापासून यंत्र तापलं आणि सूर पक्का झाला, पण तेव्हा कोण ऐकतंय? सामान आवरताना तो बोर्डाशी उकिडवा बसला, कुठली वायर कुठे आहे ते बघितलं. "मास्तर, माझी पिन कुणी हलवली?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आग्नेस वहिनी आमच्या दारात आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तर, तो म्हणतो प्यायलो नव्हतो. पेटी तुम्ही बंद केली म्हणतो. मला त्याचं ऐकायचं नाही. प्यायचा तेव्हाही हेच म्हणायचा, ह्याच शब्दांत. तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मी मानते."

माझी बायको आत भांडी घासत होती. तिचा हात थांबलेला मला कळला. मी म्हणालो, "वहिनी, वाजवताना पेटी चालूच होती. दिवा लागलेला सगळ्यांनी पाहिलाय."

ह्यात एक शब्द खोटा नाही. मी तो वाक्यभर खरेपणा निवडून काढला होता, बाजारात मासळी निवडावी तसा. वहिनींनी मान डोलावली आणि त्या गेल्या. त्याच आठवड्यात वहिनी आपल्या मुलाकडे विरारला, मनवेलपाड्याला राहायला गेल्या.

बस्त्यावने पार्टी सोडली. जाताना यंत्र जुन्या चादरीत गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला, नव्या वाजवणाऱ्याला सगळे ठिपके समजावले, आणि मला फक्त एवढंच म्हणाला, "मास्तर, आधी हे लावत जा. पाटी मागाहून." त्याने गावात कुणाला काही सांगितलं नाही. मला त्याचा राग यायचा. वाटायचं, हा ओरडत का नाही, माझी कॉलर का धरत नाही? स्वतःच्या नीचपणाचा राग दुसऱ्याच्या सभ्यपणावर काढता येतो, हे मला तेव्हा समजलं.

तो पुन्हा प्यायला लागेल, असं मी धरून चाललो होतो. खरं सांगायचं तर वाट बघत होतो. प्यायला असता तर माझं वाक्य खरं झालं असतं. तो प्यायला नाही. एकटाच राहिला, वाडी केली, दीड वर्षाने हृदयाच्या झटक्याने गेला. प्रेतयात्रेला मी ट्रम्पेट घेऊन गेलो. घरात आग्नेस वहिनी त्याच्या उशाशी बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "रोज संध्याकाळी फोन करायचा मला. काय बोलायचं नसायचं त्याला. केळीचा भाव सांगायचा, कोण आजारी, फादर काय म्हणाले. मला कळायचं, जीभ अडखळत नाही हे मला ऐकवतोय. कधीच अडखळली नाही, मास्तर. मला वाटायचं, फोनपुरता शुद्धीत राहत असेल."

बाहेर अंगणात कुणीतरी म्हणत होतं, शेवटी दारूनेच नेला. वहिनींनी ते ऐकलं. मीही ऐकलं.

दफनभूमीत तीच माणसं होती, भुईगावच्या मांडवातली. मातीच्या मुठी पडायच्या आधी फादरनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, तीस वर्षांचा सोबती म्हणून. मी एक पाऊल पुढे टाकलं. वाक्य तयार होतं, वाटेभर घोकलेलं. मग मी ट्रम्पेट ओठाला लावला आणि वाजवत राहिलो. लोक म्हणाले, मास्तरांना शब्द सुचेनात. शब्द हे होते: बस्त्याव त्या दिवशी प्यायला नव्हता, पेटी मी बंद केली होती, माझ्या पार्टीच्या नावाची पाटी लावायला. आग्नेस वहिनी, तो तुमच्याशी खरं बोलत होता. बस्त्याव, मला माफ कर.