चुना लागलेली खडी

ती घटना आठवते, आणि ज्या क्रमाने घडली त्याच क्रमाने आठवते. केस डायरीत मी तो क्रम बदलला होता. आता वय झाले आहे. जाण्याआधी तो सरळ करून ठेवतो.

बहात्तरच्या दुष्काळात मी बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात एका ठाण्यावर फौजदार होतो. लोणार-सुलतानपूर बाजूला रस्त्याची कामे निघाली होती. आधी लोक फुकट धान्यासाठी रांगेत उभे राहत आणि आमच्याकडे पाहायचे टाळत. तेच लोक हातोडी घेऊन खडी फोडायला बसले, तेव्हा नजर वर करून बोलू लागले. पद्धत अशी होती, की फोडलेल्या खडीचा ढीग लावायचा, ओव्हरसियर माप घेई आणि लगेच त्यावर चुन्याचे पाणी शिंपडले जाई. चुना पडला की खडी सरकारची. मजुरी ढिगावर असल्यामुळे बाईलाही पुरुषाइतकीच मिळे.

माझा हवालदार अमडापूरकडचा, म्हणजे तिथलाच. मी दूरच्या जिल्ह्यातून आलेलो, माझी भाषा लोकांना परकी. एकदा मी गणवेशात दारात उभा असताना एका म्हाताऱ्याने मलाच विचारले, "हवालदार कुठी गेले?" मी म्हटले, "मला सांगा, मी फौजदार आहे." तो म्हणाला, "तुम्ही राहू द्या साहेब. त्याईलेच सांगतो." आणि तो तासभर पायरीवर बसून राहिला. असे रोज घडे. मी हसून सोडून देई आणि मनात मात्र जळत असे. हवालदाराच्या डायरीत काना-मात्रेची चूक सापडली, की मला बरे वाटे.

एका सकाळी कामावरचा मुकादम खबर घेऊन आला. मोजलेल्या ढिगाचा कोपरा कोणीतरी उपसला होता आणि ती चुन्याची खडी एका विधवेच्या ढिगावर सापडली होती. दुसऱ्यांदा मापात धरण्यासाठी तिने सरकारी खडी चोरली, असा आरोप. खडी दाखवून दिली ती तिच्याच थोरल्या जावेने.

आम्ही दोघे पंचनाम्याला गेलो. ती विधवा ढिगाशेजारी पोत्यावर बसली होती. हात भेगाळलेले. जवळ पाच-सहा वर्षांची मुलगी. मी विचारले, "ही खडी तुझ्या ढिगावर कशी आली?"

"मले काय मालूम साहेब? मी पाणी प्याले गेलती."

हवालदार ढिगाभोवती एक फेरी मारून आला आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, चुन्याचे सारे दगड वरतीच हायेत, अन् पांढरी बाजू आभायाकडे. चोरी करणारा ते खाली दाबून टाकते. हे कोणाले तरी दिसावं म्हणूनच ठेवलं."

तो बोलला त्या क्षणी मला ते पटले. तरीही मी म्हणालो, "तपास मी करतोय." पंचनाम्यात चुन्याचे दगड मिळाले एवढेच लिहिले, ते कसे ठेवले होते ते लिहिले नाही. चौकशी पुरी होईपर्यंत मुकादमाने तिला कामावरून बंद केले, आणि मी तिला रोज सकाळी ठाण्यात हजर राहायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी हवालदार पाणी प्यायच्या निमित्ताने कामावर गेला आणि थोरल्या जावेजवळ टेकला. संध्याकाळी येऊन म्हणाला, "तिनंच ठेवले साहेब. बोलता बोलता रडाले लागली." मी म्हणालो, "तोंडी ऐकलेल्याला जबाब म्हणत नाहीत." पुढच्या आठवड्यात नायब तहसीलदार काम पाहायला येणार होते. त्यांच्यासमोर गुन्हा उघड करायचा, आणि तो मी, असे मी ठरवले.

ती विधवा रोज मुलीला घेऊन ठाण्याच्या ओसरीवर बसे. चौथ्या दिवशी मला म्हणाली, "साहेब, इथं बसून काय फुटते? तिथं असती तर अर्धा ढीग झाला असता." शिपाई हसले. मी तिला गप्प बस म्हणालो. हवालदार आपल्या डब्यातली भाकर त्या मुलीला देई. तेही मला खुपे.

आठव्या दिवशी नायब तहसीलदारांसमोर मी ढिगाचा, पांढऱ्या बाजूचा सगळा तर्क मांडला आणि थोरल्या जावेला उभे करून विचारले, "का केलेस?"

ती पदर चावत म्हणाली, "दीर गेल्यावर माह्याच चुलीवर जेवत होती ते. मी वाढलं तेवढं खाये. काम निंघालं अन् तिनं येगळी चूल मांडली. सासू तिच्याच हातचा चहा पेते आता. मुकादम बी तिचंच नाव घेते, कशी फोडते पहा म्हणते. मी बी फोडतो ना! मी काऊन दिसत नाई कोणाले?"

मी हवालदाराकडे पाहिले नाही. पाहवले नाही.

गरिबीचे दिवस आहेत म्हणून थोरलीला समज देऊन सोडले. ती कामावर राहिली. आधी माझा तर्क आणि मागून थोरलीची कबुली, असे मी केस डायरीत लिहिले, आणि माझ्या सेवापुस्तकात शाबासकीचा शेरा आला. धाकटीला मी म्हणालो, "तू निर्दोष आहेस, जा." ती उठली नाही. "मंग माहं काम?"

तिच्या जागेवर दुसरी बाई बसली होती. मुकादमाने सांगितले, यादी भरली, चिखलीकडे नवे काम निघेल तेव्हा पाहू. दोन दिवसांनी ती गाव सोडून गेली. कुठे, ते मी विचारले नाही. हवालदाराला माहीत असावे, पण त्यालाही मी कधी विचारले नाही, आणि तो हवालदार म्हणूनच निवृत्त झाला.

पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. काम मागितल्यावर ठरलेल्या मुदतीत ते द्यायचे, असे त्यात आले. ते वाचताना मी मुदतीच्या दिवसांपाशी अडखळलो. रोजच्या कामावर जगणाऱ्याला थांबायला सवड नसते, हे कायदा करणाऱ्यांना समजले होते. मी नोकरीभर समजत राहिलो, की पोलिसाने निर्दोष माणसाला शेवटी सोडले म्हणजे त्याचे काम झाले. किती दिवसांनी सोडले, हे मी स्वतःला विचारले नव्हते.

त्या प्रकरणात खऱ्या चोऱ्या दोन झाल्या. आठ दिवस त्या बाईचे होते आणि तपास हवालदाराचा होता. दोन्ही मी घेतले.