हायड्रोजन कुणी हलवला?

बाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर नसायचा. तो पोटात साठायचा आणि मग एकदम बाहेर पडायचा. प्रयोगशाळेत सगळे त्यांना बाईच म्हणत. स्फटिकावर क्ष-किरण टाकायचे आणि आतला कुठला अणू कुठे बसलाय ते शोधायचं, हे त्यांचं काम. लग्नानंतर मुलं आणि सासूबाईंचं आजारपण यांत ते सुटलं होतं. मोठ्या जिकिरीने पुन्हा हाती धरलेलं.

त्या सकाळी संगणक उघडला आणि त्यांचं डोकंच फिरलं. नव्या औषधाच्या स्फटिकाच्या आराखड्यातला एक हायड्रोजन त्यांनी काल नायट्रोजनपाशी ठेवला होता. आज तो ऑक्सिजनला चिकटून बसलेला, अगदी शहाण्या बाळासारखा.

बाई तडक प्रमुखांच्या खोलीत.

"सर, माझा हायड्रोजन कुणी हलवला?"

"मी. म्हणजे प्रोग्रामने. नेहमीच्या जागी बसवून दिला. अहवाल उद्या औषध कंपनीला द्यायचाय, बाई."

"पण क्ष-किरणांतून निघालेल्या नकाशात तिथे काहीच नाही! बारीकसा उंचवटा आहे तो नायट्रोजनपाशी."

"क्ष-किरणांना दिसतात इलेक्ट्रॉन. याच्याकडे एकुलता एक, तोही शेजाऱ्याने ओढलेला. तुमचा उंचवटा म्हणजे नुसती धूळ. एवढ्याशा अणूसाठी एवढा थयथयाट?"

"एवढासा आहे म्हणूनच कुणीही उचलून त्याला कुठेही बसवतं!"

बोलताना बाईंचा आवाज चिरकला. गप्प माणसाची जागा दुसऱ्यांनीच ठरवलेली त्यांनी घरीदारी फार पाहिली होती. शिवाय प्रश्न साधा नव्हता. हायड्रोजन नायट्रोजनकडे गेला असेल तर ते औषध क्षार ठरणार, पाण्यात वेगळं विरघळणार. चुकीच्या अहवालावर कंपनी भलतीच गोळी बनवायला बसली असती, आणि अहवालाखाली सही बाईंची.

"मी सही करणार नाही."

"मग सिद्ध करून दाखवा. उद्या बैठकीआधी."

बाई धुसफुसत शेजारच्या इमारतीत गेल्या. तिथे क्ष-किरणांऐवजी इलेक्ट्रॉन टाकणारं यंत्र होतं, त्यावरचा माणूस त्यांचा जुना सहकारी.

"या! आज तोफ कुणावर?"

"तुझ्यावर नाही. स्फटिक ठेवायची जाळी थंड कर आधी."

इलेक्ट्रॉनच्या झोताला अणूच्या गाभ्याचीही ओढ जाणवते, म्हणून हायड्रोजन जरा ठसठशीत दिसतो. पण झोताने स्फटिक करपतो. पहिला करपलाच.

"मेला!" बाई ओरडल्या.

"अहो, मला नका म्हणू!"

दुसरा कण त्यांनी आणखी बारीक निवडला, झोत मंद ठेवला. नकाशा उमटला. उंचवटा नायट्रोजनपाशीच होता, आता नाकारता न येण्यासारखा.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या लोकांसमोर प्रमुखांनी तो नकाशा पडद्यावर लावला आणि ते हसून म्हणाले, "आम्हाला पहिल्यापासून शंका होतीच."

बाई उभ्या राहिल्या. "शंका मला होती, सर. तुम्ही तो हलवला होता."

कंपनीच्या एका महिला अधिकाऱ्यांनी टेबलावरचा जुना अहवाल बाजूला सारला आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "नवा द्या. यांच्या सहीचा."

घरी हे ऐकून नवरा खूश झाला. "अगं, जिंकलीस की! मग कपाळावर आठ्या का अजून?"

"जे डोळ्यांना दिसतंय त्यासाठी भांडावं लागलं, त्याचा राग आलाय," असं म्हणत बाईंनी कांदा असा काही चिरायला घेतला, की नवऱ्याने ओट्यावरचा आपला हात हळूच मागे घेतला.